"बाई, कुणाला सांगणार नाही ना?" मूल शाळेत असं विचारतं तेव्हा शाळेने नेमकं काय करायचं असतं?

मधली सुट्टी संपत आलेली असते. वर्ग जवळपास रिकामा. पाचवीतली एखादी मुलगी बाईंच्या टेबलापाशी घुटमळते, वहीचा कोपरा दुमडत राहते आणि हळूच विचारते, "बाई, एक सांगू? पण कुणाला सांगणार नाही ना?"

बहुतेक शिक्षकांच्या तोंडून पुढचं वाक्य आपोआप निघतं. "नाही गं, कुणाला नाही सांगणार. बोल तू."

हेतू चांगलाच असतो, पण घोळ इथूनच सुरू होतो. कारण मुलीने पुढे जे सांगितलं ते लैंगिक अत्याचाराबद्दल असेल, तर ते पोलिसांना कळवणं बाईंना कायद्याने भाग आहे. म्हणजे एक तर कायदा मोडायचा, नाहीतर त्या मुलीला दिलेला शब्द. मोठ्यांनी शब्द फिरवल्याचा अनुभव तिच्या गाठीशी आधीच असतो. त्यात आणखी एकाची भर पडते.

दुसरी नेहमीची प्रतिक्रिया म्हणजे, "थांब, मी तुझ्या घरी फोन करते." वरवर पाहता यात काही गैर वाटत नाही. पण त्रास देणारा माणूस घरातलाच असेल तर? संध्याकाळी मूल त्याच घरात परत जाणार आहे, आणि आता त्या माणसाला कळलेलं आहे की हिने तोंड उघडलं.

मग करायचं काय? बदलापूरनंतर शाळांमधल्या सीसीटीव्हीची, तक्रारपेटीची, व्हॅनकाकांच्या पोलीस पडताळणीची चर्चा खूप झाली. ती व्हायलाच हवी होती. पण शाळेच्या बाहेर, घरात जे घडतं त्याचं काय, आणि ते सांगायला मूल शाळेत येतं तेव्हा काय, हा भाग त्या चर्चेत मागेच राहिला.

घरातलं शाळेत का कळतं?

केंद्र सरकारच्या महिला आणि बालविकास मंत्रालयाने २००७ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला होता. १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून तो झाला. त्यातल्या ५३ टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक त्रास सोसल्याचं सांगितलं, आणि या मुलांमध्ये मुलींपेक्षा मुलगे किंचित जास्तच होते. बहुतेकांनी ही गोष्ट आधी कुणालाही सांगितलेली नव्हती.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल पाहिले तर पॉक्सोखालच्या बलात्काराच्या गुन्ह्यांत ९५ टक्क्यांहून जास्त आरोपी मुलाच्या ओळखीचे असतात. शेजारी, नातेवाईक, घरातलं माणूस, घरी येणारं-जाणारं कुणीतरी. झुडपात लपलेला अनोळखी राक्षस हा बराचसा सिनेमातला.

मारहाणीचंही तसंच. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) देशातल्या १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी २९ टक्क्यांनी नवऱ्याकडून कधी ना कधी हिंसा झाल्याचं सांगितलं. महाराष्ट्रात हे प्रमाण साधारण चारात एक असं आहे. यातल्या बहुतेक घरांत मुलं आहेत, आणि ती भिंतीपलीकडून सगळं ऐकत असतात.

अशा मुलाला घराबाहेर रोज भेटणारी मोठी माणसं कोण? शाळेतली. बाई, सर, शिपाईमावशी, खिचडी वाढणाऱ्या ताई.

सांगायच्या आधी मूल वागण्यातून बरंच काही बोलत असतं. शाळा सुटली तरी एखादा मुलगा रेंगाळत राहतो, दप्तर भरायलाच अर्धा तास लावतो. एखादी मुलगी पहिल्या तासाला झोपते, कारण रात्रभर घरात कुणी झोपलेलं नसतं. पोटात दुखण्याच्या तक्रारी, अचानक घसरलेले मार्क, बाथरूमला जायची भीती, वयाला न शोभणारी लैंगिक भाषा. कुणी सतत मारामाऱ्या करतं. कुणी मात्र इतकं शहाण्यासारखं वागतं की त्याच्याकडे लक्षच जात नाही. आईला सोडून शाळेत यायलाच तयार नसलेलं मूलही असतं. आपण घरी नसलो तर बाबा तिला जास्त मारतील, हा त्याचा हिशेब असतो. हजेरीपटावर ते फक्त 'गैरहजर' दिसतं.

यातली एकेक गोष्ट वेगळी घेतली तर तिने काहीच सिद्ध होत नाही. पोटात दुखणं हे नुसतं पोटात दुखणंही असू शकतं. पण दोन-तीन गोष्टी एकदम बदलल्या, तर ओरडण्याआधी विचारायला हवं.

त्या पाच मिनिटांत काय बोलायचं?

पुन्हा त्या वर्गात येऊ. मुलीने विचारलंय, "कुणाला सांगणार नाही ना?" यावर खरं उत्तर देता येतं, आणि ते अवघडही नाही. "तू मला सांग, मी नीट ऐकते. पण तुला कुणी त्रास देत असेल तर तो थांबवायला मला एक-दोन जणांची मदत घ्यावी लागेल. कुणाला सांगणार ते मी तुला आधी सांगेन. अख्ख्या शाळेला कळणार नाही."

काही मुलं हे ऐकून गप्प होतात. होऊ द्यावीत. खरं बोलणाऱ्या माणसाकडे मूल परत येण्याची शक्यता जास्त असते.

मूल बोलायला लागलं की शिक्षकाचं काम ऐकण्याचं. "बरं, मग?" किंवा "पुढे काय झालं?" एवढं पुरतं. "काकांनी तुझ्या छातीला हात लावला का?" असा प्रश्न विचारायचा नाही. त्यात उत्तर आधीच घालून दिलेलं असतं, आणि पुढे कोर्टात आरोपीचा वकील नेमकं हेच पकडतो की हे मुलाच्या डोक्यात बाईंनी भरवलं. "तू ओरडली का नाहीस?", "इतके दिवस का नाही सांगितलंस?" हे प्रश्न तर मनातल्या मनातही नकोत. चूक आपलीच आहे हे मुलाला आधीच वाटत असतं.

चेहऱ्यावरचे भावही मूल वाचत असतं. बाईंना धक्का बसला, रडू आलं, तर ते तिथेच थांबतं. 'हे इतकं वाईट आहे की बाईंनाही सोसत नाही' असा अर्थ ते काढतं. त्यामुळे शांत चेहरा आणि एवढंच, "तू सांगितलंस ते बरं केलंस. यात तुझी काही चूक नाही." "आता सगळं ठीक होईल" हे वाक्य टाळलेलं बरं. ते कुणाच्याच हातात नसतं.

मूल गेल्यावर लगेच सगळं लिहून काढायचं. तारीख, वेळ, जागा, आणि मुलाने वापरलेले शब्द जसेच्या तसे. शरीराच्या अवयवांना मुलांचे स्वतःचे घरगुती शब्द असतात. ते 'सुधारून' शुद्ध मराठीत लिहिले की ती नोंद मुलाची राहत नाही, बाईंची होते. अंगावर वळ दिसले तर 'डाव्या दंडावर दोन इंच निळा वळ' असं लिहावं. तो कशाने पडला असेल याचा अंदाज लिहू नये, आणि मोबाइलवर फोटो तर अजिबात काढू नये.

आणि मूल हे एकदाच सांगेल. आधी वर्गशिक्षिकेला, मग पर्यवेक्षकांना, मग मुख्याध्यापकांसमोर, मग ट्रस्टींच्या केबिनमध्ये, अशी जी वरात काढली जाते ती बंद व्हायला हवी. खरं-खोटं करणं हे शाळेचं काम नाही. त्यासाठी पोलीस आणि कोर्ट आहे.

कायदा नेमकं काय सांगतो?

लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचं संरक्षण करणारा कायदा, म्हणजेच पॉक्सो, १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. त्याचं कलम १९ सांगतं की, १८ वर्षांखालच्या कुणावरही लैंगिक गुन्हा घडल्याचं माहीत असेल किंवा घडण्याची भीती वाटत असेल, तर ते स्थानिक पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवलंच पाहिजे. हे बंधन शिक्षकांवर आहे, शिपायावर आहे, डॉक्टरवर आहे, तुमच्या-आमच्यावरही आहे.

इथे दोन गैरसमज नेहमी आढळतात. पहिला म्हणजे, 'पुरावा हातात आल्याशिवाय कसं कळवायचं?' कायदा पुरावा मागतच नाही. माहिती किंवा रास्त शंका पुरते, आणि चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही. दुसरा म्हणजे, 'मुख्याध्यापकांची परवानगी हवी.' नको. मुख्याध्यापकांना सांगावं, पण ते "बघू, थांबा" म्हणाले म्हणून शिक्षकाची जबाबदारी संपत नाही. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. हाताखालच्या माणसाने केलेला गुन्हा संस्थाप्रमुखाने दडवला तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड.

हे नुसतं कागदावर आहे असं नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुरा इथल्या एका शाळेच्या वसतिगृहातल्या आदिवासी मुलींवर अत्याचार झाले होते. त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरने माहिती असूनही कळवलं नाही, असा आरोप होता. मुंबई उच्च न्यायालयाने डॉक्टरवरचा गुन्हा रद्द केला, पण सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २०२२ रोजी तो निकाल फिरवला. माहीत असूनही गप्प बसणं हा गंभीर गुन्हा आहे आणि त्यातून बऱ्याचदा गुन्हेगाराला पाठीशी घातलं जातं, असं न्यायालयाने म्हटलं. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या प्रकरणातही उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, तेव्हा शाळेने वेळेत पोलिसांना का कळवलं नाही, हा प्रश्न सुरुवातीलाच आला.

शाळा का दडवतात? 'संस्थेचं नाव खराब होईल' हे पहिलं कारण. पण सगळ्याच शाळा खलनायक नसतात. अनेक शिक्षकांना खरोखरच वाटतं की पोलिसांत गेलं तर मुलीचे आणखी हाल होतील. ही भीती अगदीच खोटी म्हणता येत नाही. म्हणूनच कळवल्यानंतर काय व्हायला हवं, हे शाळेला माहीत असणं गरजेचं आहे. काही चुकत असेल तर शाळा ते बोलू तरी शकते.

कायद्याप्रमाणे मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हव्या त्या जागी घ्यायचा असतो. शक्यतो महिला पोलीस उपनिरीक्षकाने, आणि गणवेश न घालता. सोबत आईवडील किंवा मुलाचा विश्वास असलेली व्यक्ती हवी. ती व्यक्ती वर्गशिक्षिकाही असू शकते. मुलीची वैद्यकीय तपासणी महिला डॉक्टरनेच करायची. रात्री मुलाला पोलीस ठाण्यात थांबवता येत नाही. आरोपी मुलाच्याच घरात राहत असेल, तर पोलिसांनी २४ तासांत मुलाला बालकल्याण समितीपुढे आणायचं असतं. मूल घरी सुरक्षित राहील की दुसरीकडे, हे समिती ठरवते. पोलीस, दवाखाना आणि कोर्ट यांच्या फेऱ्यांत मुलासोबत राहायला एक सहायक व्यक्ती नेमण्याची तरतूदही २०२०च्या पॉक्सो नियमांत आहे. ही व्यक्ती बऱ्याचदा कुणी मागितल्याशिवाय मिळत नाही. बालकल्याण समितीकडे ती मागणं, एवढं तरी शाळा पालकांना सांगू शकते.

एक गुंता मात्र इथे आहेच. सतरा वर्षांच्या मुलीचं राजीखुशीचं प्रेमप्रकरणही याच कायद्यात येतं, कारण संमतीचं वय १८ आहे. त्यामुळे नववी-दहावीची मुलं शाळेच्या समुपदेशकाकडे मोकळेपणाने बोलायला घाबरतात. यावर कोर्टांत आणि बाहेर बराच वाद सुरू आहे. तोवर एकच उपाय उरतो. काय गुप्त राहील आणि काय राहणार नाही, हे समुपदेशकाने पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगावं.

आई मार खाते, तेव्हा?

लैंगिक अत्याचारात रस्ता निदान स्पष्ट आहे. घरगुती हिंसाचारात तो इतका सरळ नाही. आईला होणारी मारहाण मूल रोज बघतं, यासाठी पॉक्सोसारखं कळवण्याचं बंधन नाही. मुलालाच मारहाण होत असेल, चटके दिले जात असतील, तर बाल न्याय कायद्याचं कलम ७५ लागू होतं आणि १०९८ ला फोन करता येतो. पण आईच्या बाबतीत निर्णय आईचा असतो. तिला न विचारता शाळेने घरी माणूस पाठवला, तर त्या रात्रीचा मार तिला खावा लागतो.

त्यामुळे आधी तिच्याशी एकटीने बोलणं. वही घ्यायला, सही करायला, दाखल्याचं काही काम आहे म्हणून, कुठल्याही निमित्ताने. नवरा शेजारी उभा असताना नाही. तिच्या फोनवर व्हॉट्सॲप मेसेजही नाही, तो फोन कोण बघतं ते शाळेला माहीत नसतं. महिलांसाठीची १८१ ही हेल्पलाइन आणि जिल्ह्यातल्या संरक्षण अधिकाऱ्याचं कार्यालय, एवढी माहिती तिला दिली तरी पुष्कळ झालं.

२००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात शाळांना फारसा माहीत नसलेला एक भाग आहे. दंडाधिकारी जो संरक्षण आदेश देतात, त्यात त्रास देणाऱ्याला मुलाच्या शाळेत पाऊल टाकायलाही मनाई करता येते. मुलाचा तात्पुरता ताबा आईकडे देता येतो. असा आदेश असेल तर त्याची प्रत शाळेच्या कार्यालयात हवी आणि गेटवरच्या वॉचमनला माणूस ओळखता यायला हवा. आदेश नसेल, तर बापही कायदेशीर पालकच असतो आणि शाळेला त्याला सरळ हाकलता येत नाही. पण मुलाला न्यायला कोण येणार त्याची नावं आधी लिहून घेणं, दुसरं कुणी आलं तर आईला फोन करणं आणि तोवर मुलाला ऑफिसात बसवणं, एवढं कुठलीही शाळा करू शकते.

दुसरा प्रश्न दाखल्याचा. बाई मार चुकवून मुलांसह माहेरी निघून येते, तेव्हा हातात बहुधा एक पिशवी असते. शाळा सोडल्याचा दाखला नसतो, आणि तो आणायला परत सासरच्या गावी जाणं म्हणजे त्याच माणसासमोर उभं राहणं. शिक्षण हक्क कायदा इथे कामाला येतो. पहिली ते आठवीच्या मुलाला सरकारी किंवा अनुदानित शाळा 'दाखला नाही' म्हणून प्रवेश नाकारू शकत नाही, आणि जुन्या शाळेने दाखला ताबडतोब द्यायचा असतो. वर्ष अर्धं झालंय हेही कारण चालत नाही. तरीही "दाखला घेऊन या, मग बघू" हे वाक्य कित्येक शाळांच्या खिडकीवर आजही ऐकू येतं.

इंग्लंडमध्ये याच प्रश्नावर एक साधी युक्ती निघाली. २०११ साली प्लिमथ शहरात एका मुख्याध्यापिकेने आणि पोलिसात असलेल्या तिच्या नवऱ्याने 'ऑपरेशन एन्कम्पास' सुरू केलं. रात्री एखाद्या घरी भांडणासाठी पोलीस गेले आणि तिथे शाळकरी मूल असेल, तर सकाळी शाळा भरायच्या आत शाळेतल्या ठरलेल्या माणसाला फोन जातो. मग त्या दिवशी गृहपाठ नाही म्हणून त्या मुलाला कुणी उभं करत नाही. त्याला नाश्ता मिळतो, हवं तर शांत बसायला जागा मिळते. ही पद्धत पुढे इंग्लंड आणि वेल्समध्ये सगळीकडे पसरली आणि २०२४ मध्ये कायद्यातच आली. त्याआधी २०२१ च्या तिथल्या कायद्याने घरातली हिंसा पाहणारं मूल हे 'साक्षीदार' नसून स्वतः पीडित आहे, हे मान्य केलं होतं. आपल्याकडे अशी व्यवस्था नाही. पण पोलीस ठाणं आणि शाळा एकाच गावात असताना एक फोन अशक्य आहे, असंही नाही.

एफआयआरनंतरची वर्षं

बातम्यांमध्ये प्रकरण अटकेपाशी संपतं. मुलाचं तिथून सुरू होतं. पॉक्सोचा खटला शक्यतो एका वर्षात संपवावा असं कायदा म्हणतो, प्रत्यक्षात अनेकदा बरीच जास्त वर्षं जातात. तोवर मूल त्याच शाळेत, त्याच बाकावर असतं. निदान असायला हवं. कारण अनेकदा "तुम्हीच दुसरी शाळा बघा" असं पालकांना सुचवलं जातं, आणि शिक्षा सोसायची वेळ मुलावर येते.

अशा मुलाला लागतं काय, तर नेहमीचं आयुष्य. तोच वेळापत्रकाचा तक्ता, तीच मैत्रीण शेजारी, तोच कबड्डीचा संघ. त्याची गोष्ट दोन-तीनच शिक्षकांना माहीत असावी. बाकीच्यांना 'हिला जरा सांभाळून घ्या' एवढं पुरे. लक्ष लागत नसेल तर काम थोडं कमी द्यावं, पण अभ्यासातून माफी देऊ नये. 'तुझ्याकडून आता काही अपेक्षा नाही' असा त्याचा अर्थ होतो. मागून येऊन खांद्यावर हात ठेवायचा नाही, भलेही तो मायेचा असो. वर्गातून बाहेर जावंसं वाटलं तर कुठे जायचं ते आधी ठरलेलं असावं. कोर्टाच्या तारखेला गैरहजेरी लागली तर सगळ्यांसमोर कारण विचारायचं नाही. आणि मुलगा असेल तर "तू तर मुलगा आहेस" हे वाक्य स्टाफरूममध्येसुद्धा नको.

राज्य सरकारने २०२२ मध्ये शाळांना 'सखी सावित्री' समित्या स्थापन करायला सांगितलं आणि बदलापूरनंतर पुन्हा बजावलं. पॉक्सो नियमांनुसार प्रत्येक शाळेचं बालसंरक्षण धोरण असलं पाहिजे. तुमच्या मुलांच्या शाळेत ही समिती आहे का, त्यात कोण आहे, मूल बोललं तर कुणाकडे जायचं, हे पुढच्या पालकसभेत विचारता येतं. उत्तर देताना मुख्याध्यापकांना फाइल शोधावी लागली, तर अंदाज येतोच.

आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर?

असं प्रकरण बाहेर आलं की तासाभरात पालकांच्या ग्रुपवर शाळेचं नाव, मुलीची इयत्ता, "ती अमुक सोसायटीतली" असं सगळं फिरायला लागतं. कुणी वर्गाचा ग्रुप फोटो टाकून चेहऱ्याभोवती लाल गोल काढतं. राग खरा असतो, पण पॉक्सोच्या कलम २३ खाली हा गुन्हा आहे. मुलाचं नाव, पत्ता, फोटो, कुटुंब, परिसर आणि शाळा, म्हणजे ज्यावरून ओळख पटेल असं काहीही कुठल्याही माध्यमात उघड करता येत नाही. त्यासाठी सहा महिने ते एक वर्ष कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. कठुआ प्रकरणात मुलीचं नाव आणि फोटो छापला म्हणून २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अनेक माध्यमसंस्थांना प्रत्येकी १० लाख रुपये भरायला लावले होते. 'न्याय मिळालाच पाहिजे' असं वर लिहिलं म्हणून फॉरवर्ड कायदेशीर होत नाही. तो मेसेज त्या मुलीच्या वर्गमित्रांच्या घरातही पोहोचतो, आणि दुसऱ्या दिवशी तिला त्याच वर्गात बसायचं असतं.

काही माहीत असेल तर ग्रुपऐवजी १०९८ वर सांगावं. ही हेल्पलाइन १९९६ साली मुंबईतच सुरू झाली, फोन मोफत लागतो, चोवीस तास चालू असते, आणि मूल स्वतःही करू शकतं. तातडीचं असेल तर ११२. कितीतरी शाळांच्या भिंतीवर १०९८ हा आकडा रंगवलेला असतो, बऱ्याचदा ऑफिसच्या दारापाशी, जिथे मुलं क्वचितच जातात. तो मुलांच्या स्वच्छतागृहाजवळ किंवा पाण्याच्या टाकीपाशी लिहिला, तर कुणी बघत नसताना पाठ करता येतो.